बसून पाहिलेलं नाटक

आमच्या नाट्यगृहात रोज सकाळी सात वाजता पहिला आवाज यायचा तो खराट्याचा नव्हे, तिच्या तोंडाचा. आधी रखवालदाराची झोपमोड, मग तिकीट खिडकीच्या पायरीवर पसरलेल्या मांजरीला दोन शिव्या, मग मला हाक, "अहो दिवेवाले, उजेड पाडा की जरा!" मी लावलेले दिवे बघून झाले की खराटा चालू व्हायचा, पण तोंड बंद व्हायचं नाही. तिच्या सफाईच्या टोळीतल्या बायका तिला 'रेडिओ' म्हणायच्या. आम्ही नाट्यगृहातले सगळे मावशी म्हणायचो. खरं तर ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती.

मी इथे बावीस वर्षं दिव्यांचं काम करतो. पाचशे नाटकं तरी वरच्या खोलीतून पाहिली असतील. पण जे सांगायला बसलोय ते रंगमंचावर घडलं नाही. थोडं घडलं, तेही चुकून.

मावशीचा नवरा पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होता. गाडी मागे घेताना भिंत आणि गाडी यांच्यामध्ये सापडला. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. खात्याने नवऱ्याच्या जागी बायकोला घेतलं आणि त्याची गाडी जायची तेच रस्ते ती झाडायला लागली. अकरा वर्षं नोकरी कायम होती. मग पालिकेने सफाईचं सगळं काम एका ठेकेदाराला दिलं. कसलासा कागद आला, सगळ्यांनी सह्या केल्या. मावशी म्हणायची, "काल मी पालिकेची होते, आज ठेकेदाराची झाले. रस्ता तोच, केर तोच. फक्त आजारी पडायची सोय गेली."

तरी तिचं रडगाणं नसायचं. सकाळी सात ते अकरा नाट्यगृह, मग मागचे दोन रस्ते, मग वाचनालयाचं आवार, तीन वाजता सुटका. मुलीला शिकवलं. ती एका दवाखान्यात फोन घ्यायला आणि पेशंटना नंबर द्यायला बसते. "माझी पोरगी खुर्चीवर बसून काम करते," हे वाक्य मावशी आल्यागेल्याला ऐकवायची. बसून या शब्दावर जोर देऊन.

मग पट्टे आले.

काळा, रबरी, घड्याळासारखा पट्टा. सकाळी हजेरीच्या चौकीवर मुकादम तो प्रत्येकीच्या मनगटावर बांधायचा आणि काम संपलं की काढून खोक्यात ठेवायचा. बाई कुठे आहे, किती चालली, किती थांबली, सगळं मुकादमाच्या फोनवर. फोनवर बाई दिसत नाही, एक ठिपका दिसतो. ठिपका दहा मिनिटं एका जागी राहिला की पट्टा मनगटावर थरथरतो. पंधरा मिनिटं झाली की लाल दिवा लागतो आणि वरपर्यंत नोंद जाते. चहा, पाणी, संडास मिळून दिवसाची वीस मिनिटं माफ.

सुरुवातीला बायकांनी हसण्यावारी नेलं. एकीने तर पट्टा काढून गल्लीतल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला आणि स्वतः सावलीला बसली. कुत्रं दिवसभर गावभर हुंदडलं. महिनाअखेरीला त्या बाईचा कामात पहिला नंबर आला आणि चौकीच्या फळ्यावर तिचा फोटो लागला. मावशीने ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली की शेवटी कुत्र्याच्या चालीसकट मला पाठ झाली.

ते कळायचं तेव्हा कळलंच. कुत्र्याचा फोटो कोणीतरी काढला होता. मग नवे पट्टे आले. हे कातडीला चिकटून बसायचे आणि नाडीचे ठोके मोजायचे. आठवडाभर प्रत्येकीचे ठोके नोंदवून घेतले. दुसऱ्याच्या हातात पट्टा गेला तर यंत्राला कळतं, असं मुकादमाने सगळ्यांना उभं करून सांगितलं. शिवाय पट्ट्यात ऐकायचीही सोय आहे, अशी कुजबूज होती. ती खरी की खोटी, हे आजही कोणाला माहीत नाही. पण त्या कुजबुजीने जे व्हायचं ते झालं. एका सकाळी मी दिवे लावायला आलो तर नुसता खराट्याचा आवाज. मी वरून हाक मारली, "काय मावशी, रेडिओ बंद?"

तिने डाव्या मनगटाकडे बोट दाखवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची ती डावा हात पदरात गुंडाळून, हळू आवाजात. चहा घ्यायला थांबली की कप उजव्या हातात आणि डावा हात सारखा हलवत राहायची, माशा हाकलल्यासारखा. ठिपका हलता राहावा म्हणून. तसं केल्याने ठिपका हलत नाही, हे मी एकदा तिला सांगितलं. "माहितीये," ती म्हणाली. "पण हात ऐकत नाही."

त्याच पावसाळ्यानंतर आमच्याकडे एका हौशी मंडळाच्या तालमी सुरू झाल्या. दिग्दर्शक कॉलेजात शिकवायचा, सगळे त्याला सर म्हणायचे. पस्तिशीचा, किडकिडीत, मनाने चांगला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तो वाईट वाटेल आणि तो वाईट नव्हता. नाटक त्याने स्वतः लिहिलं होतं. दोनशे वर्षांनंतरचं एक शहर. तिथे कामकऱ्यांच्या हाताला यंत्राचं कडं असतं. थांबायला बंदी. जो थांबतो त्याचं कडं लाल होतं आणि तो दिसेनासा होतो. नायिका एक कामकरी बाई. तिची आई मरायला टेकते आणि ती आईपाशी बसून राहते, कडं लाल झालं तरी उठत नाही. नाटकाचं नाव 'थांबायला मनाई'. नायिकेचं काम बँकेत नोकरी करणारी एक मुलगी करत होती, मनापासून करत होती.

तालमी सकाळी आठ ते साडेदहा, म्हणजे बरोबर मावशीच्या वेळेत. ती खुर्च्यांच्या रांगांमधून झाडत असायची. तिला नाटक बघायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. मग ती एकच रांग सात-सात वेळा झाडायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मान रंगमंचाकडे. सर एकदा सगळ्या नटांना म्हणाला, "बघा, मावशींची निष्ठा बघा. केराचा कण नाही तरी झाडताहेत." नटांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी दिव्यांच्या वायरींमध्ये डोकं घातलं.

मध्यंतरात सर तिच्याशी बोलायला आला. "कसं वाटतंय नाटक, मावशी?"

"चांगलं आहे. कधीचं आहे हे?"

"दोनशे वर्षांनंतरचं. अशी वेळ येऊ शकते, असं आम्हाला दाखवायचंय."

"अगं बाई," मावशी म्हणाली, "म्हणजे मी फारच लवकर जन्माला आले."

सर खळखळून हसला आणि खिशातून वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. चार दिवसांनी ते नायिकेच्या तोंडी आलं. मावशी तेव्हा सहाव्या रांगेत होती. खराटा क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. मला वाटलं तिला राग आला असेल. जाताना मीच विषय काढला तर म्हणाली, "असू दे हो. माझ्या तोंडून ऐकून कोणी टाळ्या वाजवल्या असत्या का?"

रंगीत तालमीला घोडं अडलं ते कड्यापाशी. नेपथ्यवाल्याने पुठ्ठ्याचं कडं करून त्याला चंदेरी रंग दिला होता. लांबून ते खेळण्यातल्यासारखं दिसायचं. सर वैतागला. प्रयोग दोन दिवसांवर. स्पर्धेचा प्रयोग, परीक्षक येणार, आणि पालिकेच्या सफाई खात्याचे मोठे साहेब प्रमुख पाहुणे. तेवढ्यात त्या बँकेतल्या मुलीचं लक्ष मावशीच्या मनगटाकडे गेलं. "सर, हे बघा ना! अगदी असंच हवं!"

सगळे मावशीभोवती जमले. सरने तिचा हात हातात घेऊन पट्टा उलटसुलट पाहिला. इतके दिवस तो तिच्या हातात होता. त्याला तो आज दिसला.

"मावशी, परवाच्या प्रयोगापुरता द्याल हा? दोन तास फक्त."

"नाही हो सर. हा काढता येत नाही कामावर असताना. परवा तर सहा वाजेपर्यंत काम आहे, साहेब येणार म्हणून."

"आम्ही प्रयोग संपला की लगेच देऊ."

"पण हा माझे ठोके ओळखतो. दुसऱ्याच्या हातात गेला की कळतं त्याला."

सर हसला. खोटं हसला नाही, समजूत काढल्यासारखा हसला. "अहो मावशी, असं काही नसतं. तुम्ही घाबरून राहावं म्हणून सांगतात."

मी तिथेच शिडीवर होतो. त्याच्याच नाटकाच्या पहिल्या अंकात यंत्र माणसाचं काळीज ओळखतं. ते त्याने लिहिलं होतं. बाईने सांगितलं ते मात्र त्याला खरं वाटेना.

मावशीने हात सोडवून पट्टा पदराखाली घेतला. मग सर म्हणाला, "असं करू. तुम्ही नाटक नुसतं झाडता-झाडता पाहिलंय. परवा तुम्ही आमच्या पाहुण्या. शेवटच्या रांगेत खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी. पट्टा हातात नसला तर दोन तास निवांत बसून बघता येईल सगळं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. भीती होती ती गेली नाही, पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. अठरा वर्षं ती त्या खुर्च्यांखालचा केर काढत होती. त्यातल्या एकाही खुर्चीवर नाटक चालू असताना बसलेली नव्हती.

तिने मान वर करून मला विचारलं, "काय करू हो, दिवेवाले?"

त्या घोळक्यात पट्ट्याबद्दल तिच्याखालोखाल माहिती फक्त मला होती. कुत्र्याची गोष्ट मला माहीत होती, ठोक्यांची मला माहीत होती. आणि मी म्हणालो, "द्या हो मावशी. दोन तासांचा तर प्रश्न. खुद्द मोठे साहेब समोर बसणार, कोण काय बोलणार आहे?"

हे वाक्य मी का बोललो याचा मी खूप विचार केला आहे. मला नाटक चांगलं व्हायला हवं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडून चांगली प्रकाशयोजना करून घेत होतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं.

प्रयोग दुपारी चारचा होता. पावणेचारला मावशी मागच्या खोलीत आली. पट्टा काढताना तिने इकडेतिकडे पाहिलं, मग पटकन तो त्या मुलीच्या मनगटावर बांधला आणि म्हणाली, "सारखी हलत राहा गं. बसू नकोस फार." मुलगी म्हणाली, "मावशी, नाटकात मला बसायचंच आहे की."

शेवटची रांग माझ्या खोलीच्या अगदी खाली. खिडकीतून मला मावशी दिसत होती. पहिली काही मिनिटं ती खुर्चीच्या टोकावर बसली, पाठ ताठ, कोणीतरी उठवायला येईल अशी. मग पाठ टेकली. मग चपला काढल्या. दुसरा अंक सुरू झाला तेव्हा तिने पाय पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या दांडीवर ठेवले होते. डाव्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा ठसा होता आणि तो हात मांडीवर अगदी स्वस्थ पडला होता.

दुसऱ्या अंकात आईच्या मरणाचा प्रसंग. नायिका आईजवळ बसते, बराच वेळ. ठरलेल्या वाक्यावर मला तिच्या हातावर लाल झोत टाकायचा होता. माझं बोट बटणावर होतं. पण वाक्य यायच्या आधीच पट्टा आपोआप लाल झाला. त्याला पंधरा मिनिटं झाली होती. अंधारात तो एवढासा दिवा लुकलुकायला लागला आणि सगळं प्रेक्षागृह एकदम स्तब्ध झालं. मुलगी दचकली. तिचा हात थरथरत होता, कारण पट्टा खरोखर थरथरत होता. ती मला नंतर म्हणाली, "मला खरंच भीती वाटली हो, तो काही अभिनय नव्हता." परीक्षकांनी तिला अभिनयाचं पहिलं बक्षीस दिलं ते त्याच प्रसंगासाठी.

लाल दिवा लागल्याबरोबर खाली मावशी अर्धवट उठून उभी राहिली. सवयीने. मग लक्षात आलं तशी पुन्हा बसली.

दहा-बारा मिनिटांत मुकादम आला. त्याच्या फोनवरचा ठिपका थेट रंगमंचावर होता, म्हणून तो विंगेतून आला. चिखलाचे बूट घालून, फोन हातात धरून. तो काही क्षण विंगेत उभा राहून त्या मुलीकडे बघत राहिला. मग मागून फिरून प्रेक्षागृहात आला आणि अंधारात रांगा तपासत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

"बाई, उठा."

मावशी म्हणाली, "संपतच आलंय. दहा मिनिटं."

"बाई, उठा म्हणतो ना. माझ्याही नोकरीवर यायचं."

एक-दोघांनी मागे वळून शू शू केलं. मावशीने चपला पायात अडकवल्या आणि उठली. दारापर्यंत ती उलटी चालत गेली, तोंड रंगमंचाकडे ठेवून. मला वरून हे सगळं दिसत होतं. समोर शेवटचा प्रसंग चालू होता, सगळी कामकरी मंडळी कडी काढून फेकत होती, आणि मला एकामागून एक सात दिवे लावायचे होते. मी लावले. एकही चुकला नाही.

टाळ्या थांबेनात. मग मोठे साहेब बोलायला उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नव्हे. त्या मुलीला त्यांनी जवळ बोलावलं, तिने फेकलेलं कडं उचलून लोकांना दाखवलं आणि म्हणाले, "हे साधं कडं! पण किती खरं वाटतं बघा. अशी वेळ आपल्या शहरावर कधीही येऊ नये, ही आपली सगळ्यांची जबाबदारी आहे." तीन हजार पट्ट्यांच्या खरेदीवर सही त्यांचीच होती. त्यांनी पट्टा आधी कधी पाहिला नसावा. त्यांच्यापर्यंत फक्त ठिपके पोहोचत असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मागच्या दाराशी एक अनोळखी मुलगी खराटा घेऊन उभी होती. मी चौकीवर गेलो. मुकादमाने मला फोनवर नोंदी दाखवल्या. दुपारी तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, ठोके वेगळे. चार वाजून वीस, ठोके वेगळे. पुढे लाल अक्षरांत एक ओळ: पट्टा दुसऱ्या व्यक्तीने वापरला, करार समाप्त.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. आपोआप येतं."

"पण तू तर पाहिलंस ना काय झालं ते? तूच सांग वर."

"मी काय सांगणार?" तो म्हणाला. "मला वर कोण आहे तेच माहीत नाही. मी फक्त पट्टे बांधतो." आणि त्याने आपली बाही वर केली. त्याच्याही मनगटावर पट्टा होता. निळा.

मी हे सरला सांगितलं. त्याने त्याच दिवशी चार पानी पत्र लिहिलं आणि आम्ही दोघं मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी उठून स्वागत केलं, चहा मागवला, नाटकाबद्दल पाऊण तास बोलले. पत्र वाचून त्यांना वाईटही वाटलं. "अरेरे," म्हणाले, "पण एकदा नोंद झाली की ती माझ्याही हातात राहत नाही. ठेकेदाराचं यंत्र आहे. मी ढवळाढवळ केली तर उद्या सगळेच येतील." मग म्हणाले, "अंतिम फेरीत नक्की जाणार तुम्ही. काही लागलं तर हक्काने सांगा."

आम्ही उठलो. दारात सर घुटमळला. त्याचा हेतू काय होता, मी सांगू शकत नाही. कदाचित बोलायला काहीतरी हवं म्हणून तो म्हणाला, "तो पट्टा... आता आमच्याकडे नाही. अंतिम फेरीला लागेल."

"एवढंच ना? एक अर्ज द्या."

अर्ज सकाळी दिला, संध्याकाळी पट्टा आला. शिक्का मारलेल्या पाकिटात, सोबत शुभेच्छांचं पत्र. मावशीच्या कामासाठी मी नंतर सहा अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही.

सरने तिच्यावर एक लेख लिहून नेटवर टाकला. हजारो लोकांनी तो पुढे पाठवला. खाली लोक लिहीत होते: भयंकर, अंगावर काटा आला, आपण कुठे चाललो आहोत. एकाने लिहिलं, लेखकाची कल्पनाशक्ती अफाट आहे.

महिन्याभराने मी मावशीच्या घरी गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला, जिन्यात सायकली. दार मुलीने उघडलं. मला आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही. तिच्या जागी मीही विचारलं नसतं. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तीन ठेकेदारांकडे जाऊन आली होती. तिघांकडे एकच यादी. नाव टाकलं की लाल ओळ येते.

"काका, एक सांगा," मुलगी म्हणाली. "नाटकातल्या त्या बाईसाठी लोक रडले म्हणे?"

"हो."

"आणि माझी आई त्याच हॉलमध्ये होती."

मावशीच म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांनी काय केलं?" तिने हे मनापासून म्हटलं, आणि मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. मग तिने मला विचारलं, "शेवटी काय होतं हो त्या बाईचं? माझं तेवढं राहिलं."

मी सांगितलं. ती कडं काढून फेकते, मग सगळेच फेकतात, सगळे एका जागी थांबून उभे राहतात आणि दिवे पूर्ण उजळतात.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसरा दिवस नाही नाटकात."

"हं," मावशी म्हणाली. "तरीच."

त्यानंतर तिला काम मिळालं ते मुलीच्या डॉक्टरांच्या ओळखीने. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुतल्या जातात, तिथे घड्या घालायचं. दहा तास उभ्याने. नाव नोंदत नाहीत, हातावर पैसे देतात. पट्टा नाही. मी विचारलं, मग बरं आहे ना? म्हणाली, "बरंच आहे. बोलता येतं. यंत्रांचा आवाज एवढा की कोणाला ऐकू येत नाही, पण बोलता येतं. फक्त कामाच्या वेळात दार बाहेरून लावून घेतात. चादरी चोरीला जातात म्हणे."

'थांबायला मनाई'चे आजवर एकसष्ट प्रयोग झाले. मी त्यातून अंग काढून घेतलं, असं लिहायला मला आवडलं असतं. घेतलं नाही. साहेबांनी दिलेला पट्टा बंद आहे, त्याचा दिवा लागत नाही, त्यामुळे आता दुसऱ्या अंकात लाल झोत मलाच टाकावा लागतो. मी तो वेळेवर टाकतो. ते 'फारच लवकर जन्माला आले' वाक्य आलं की प्रत्येक प्रयोगात हशा होतो, मग टाळ्या होतात.

गेल्या मंगळवारी दुपारी मी त्या हॉस्पिटलवरून चाललो होतो. मागच्या गल्लीत रस्त्याच्या पातळीला तळघराच्या आडव्या खिडक्या आहेत. गज लावलेल्या, वाफेने धुरकटलेल्या. आतून यंत्रांची घरघर येत होती. मी वाकून एका खिडकीपाशी कान लावला, तिचा आवाज येतो का बघायला. काही कळेना. हाक मारावी म्हटलं, तर काय म्हणून मारायची आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना. चार वाजता प्रयोग होता. मी गुडघे झटकले आणि निघालो.